लहान घराची मांडणी

मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या लोकांना राहावयास जागा हवी म्हणून १९२० नंतरच्या काही वर्षांत सरकारी खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे मोठमोठ्या चाळी बांधल्या. बीडीडी चाळी या नावाने त्या सर्वांना परिचित आहेत. तेथे एका कुटुंबाच्या वाट्याला येणारी खोली सुमारे १६० चौरस फुटांची. तेवढ्यातच चूल, पाण्याचा पिंप, देव, अभ्यास आणि झोप. गिरणगावातील कित्येक खोल्यांत तर गावाकडून आलेले कामगार पाळीपाळीने राहत. रात्रपाळीचा माणूस परतला की दिवसपाळीच्या माणसाने नुकत्याच सोडलेल्या जागेवर तो आपले अंथरूण पसरी.

अशा घरांतील गृहिणींनी एक विद्या साध्य केली होती. एकच जागा त्या दिवसातून चार वेळा पालटीत. पहाटे अंथरुणांच्या वळकट्या होऊन त्या ट्रंकांवर जात, वर धुतलेली चादर पडे आणि पाहुण्यांची बैठक सिद्ध होई. भोजनसमयी पाट मांडले जात. जेवणे आटोपताच ते भिंतीशी उभे राहत. सायंकाळी त्याच फरशीवर मुले पाटी-पुस्तक घेऊन बसत आणि रात्री तेथेच गोधड्या पसरल्या जात. हे सारे शक्य होई, कारण जमिनीवर कायमचे ठाण मांडून बसलेले सामान त्या खोलीत फार थोडे असे. लहान घरातील खरी संपत्ती म्हणजे मोकळी जमीन होय.

आता थोडे गणित करून पाहू. दहा बाय बाराच्या खोलीचे क्षेत्रफळ १२० चौरस फूट. सहा फूट लांब व चार फूट रुंद पलंग त्यांतील २४ चौरस फूट जागा अडवितो; म्हणजे घराचा पाचवा हिस्सा त्यालाच अर्पण होतो. दिवसा त्या पलंगाचा उपयोग बहुधा कपड्यांच्या घड्या ठेवण्यापलीकडे होत नाही. शोकेस नावाच्या वस्तूविषयी तर न बोललेलेच बरे. काचेआड बाहुल्या मानाने उभ्या आणि घरातील मुले दाराबाहेर, असे दृश्य अनेक घरांत दिसते! म्हणून कोणतीही मोठी वस्तू विकत आणण्यापूर्वी तिची लांबीरुंदी मोजून जमिनीवर खडूने तेवढी चौकट आखावी आणि दोन दिवस त्या चौकटीत पाय न ठेवता वावरून पाहावे. दार उघडताना, पाणी भरताना, रात्री अंथरुणे घालताना किती अडचण होते ते आपोआप कळते. खडूच्या एका तुकड्यात हजारो रुपयांचा पश्चात्ताप वाचतो.

जमीन थोडी असली तरी भिंती थोड्या नसतात. त्याच खोलीची उंची दहा फूट धरली, तर चारही भिंती मिळून ४४० चौरस फूट होतात. दारे-खिडक्या वगळल्या तरी उरणारी जागा जमिनीच्या दुपटीहून अधिक असते. जुन्या घरांतील कोनाडे, फडताळे, खुंट्या आणि भांड्यांची मांडणी यांमागे हाच हिशेब होता. रोज लागणारी वस्तू हाताच्या उंचीवर, आठवड्याने लागणारी त्याच्या वर आणि दिवाळीचे मोठे पातेले पोटमाळ्यावर, असा क्रम असावा. पोटमाळा मात्र जाणत्या गवंड्याला किंवा सुताराला दाखवून त्याच्या सल्ल्यानेच करावा. जुन्या भिंतीवर किती भार पडावा हे आपल्या अंदाजाने ठरविण्याचे काम नव्हे. पावसाळ्यात भिंतींना ओल येते, यास्तव कपाट भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावे आणि ट्रंकेखाली विटा द्याव्यात.

उजेडाचा खर्च तर अगदीच अल्प. गडद रंग प्रकाश गिळतो, पांढरा रंग तो परत देतो. गाळलेल्या चुन्यात किंचित नीळ घालून दोन-तीन पातळ हात दिले की अंधारी खोलीही उजळते. चुना डोळ्यांत जाऊ नये एवढी दक्षता मात्र घ्यावी. जुन्या सुती लुगड्याचा पडदा हलका असतो, धुण्यास सोपा असतो आणि वारा अडवीत नाही. तो चुलीपासून किंवा शेगडीपासून दूर असला म्हणजे झाले. उष्ण हवा वर चढते, म्हणून भिंतीच्या वरच्या भागातील झरोका सामानाने बुजवू नये. उलट स्वयंपाकाचा गॅस हवेहून जड असल्यामुळे गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो. सिलिंडर उभाच ठेवावा आणि त्याच्याभोवती रद्दी, डबे यांची गर्दी करू नये.

रद्दी व डबे यांचा उल्लेख आलाच आहे, तर त्यांचेही सांगितले पाहिजे. ‘उद्या लागेल’ या दोन शब्दांनी जेवढी जागा खाल्ली आहे तेवढी कोणत्याही पलंगाने खाल्ली नसेल. फुटक्या बादल्या, दांडी तुटलेल्या छत्र्या, मिठाईचे रिकामे खोके ही सारी मंडळी घरभाडे न देता वर्षानुवर्षे राहतात. बीडीडी चाळींचा पुनर्विकास होऊन ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील काही कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. जुने घर रिकामे करताना प्रत्येक वस्तूचा निवाडा करावाच लागतो. राहत्या घरात तोच निवाडा दरवर्षी दसऱ्याच्या साफसफाईत केला, तर लहान खोलीही श्वास घेऊ लागते.

या मोकळ्या झालेल्या जागेचे करावयाचे काय? ती नव्या सामानाने न भरता घरातील माणसांना वाटून द्यावी. चार-पाच जणांच्या एका खोलीत सर्वांत दुर्मीळ होते ती स्वतःची अशी जागा. आजोबांना उजेड येईल आणि कोणाच्या पायांत येणार नाही असा खिडकीजवळचा कोपरा मिळावा; त्यांची काठी, चष्मा व पाण्याचा तांब्या तेथून कोणी हलवू नये. शिकणाऱ्या मुलीसाठी अडीच फूट लांबीची एक फळी बिजागऱ्यांनी भिंतीला जोडावी. अभ्यासाच्या वेळी ती उघडून खाली टेकू द्यावा. अभ्यास संपला की ती पुन्हा भिंतीशी मिटते. फळीची सोय नसेल तर उपडा खोकाही चालतो. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला उजेड डावीकडून यावा, म्हणजे वहीवर हाताची सावली पडत नाही. फळीच्या बाजूला तिच्या दप्तरासाठी एक खुंटी ठोकावी. ती मोठ्या माणसांच्या नव्हे, तर तिच्या हाताच्या उंचीवर असावी आणि तिच्यावर दुसऱ्या कोणी आपला सदरा अडकवू नये.