लोकप्रतिनिधीची वक्तव्ये आणि सभागृहातील मतनोंद : नागपूरच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

लोकप्रतिनिधी सभागृहाबाहेर काय बोलतो आणि सभागृहात कोणत्या बाजूने मत देतो, यांची तुलना करणे हा प्रातिनिधिक लोकशाहीच्या अभ्यासातील एक सरळ मार्ग मानला जातो. अलीकडे राज्यशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या लघुप्रबंधांतही एखाद्या आमदाराच्या वा खासदाराच्या ‘कामगिरीचे मूल्यमापन’ हा विषय वारंवार दिसतो. तथापि असे प्रबंध चाळले असता त्यांत उपस्थितीची टक्केवारी, विचारलेले प्रश्न आणि चर्चेतील सहभाग यांचीच कोष्टके आढळतात. मतदानाचे कोष्टक क्वचितच आढळते. हा दोष विद्यार्थ्यांचा नव्हे. आपल्या विधिमंडळांत आणि संसदेत व्यक्तिगत मताची नोंद बहुतांश प्रसंगी तयारच होत नाही. ती का होत नाही, आणि न झाल्यामुळे नागपूरसारख्या शहरातील मतदाराला नेमके काय कळू शकत नाही, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

उपस्थितीच्या आकड्यांविषयी येथेच एक गोष्ट सांगून ठेवणे योग्य ठरेल. मंत्री हजेरीपुस्तकात सही करीत नाहीत आणि ते प्रश्न विचारीत नाहीत, प्रश्नांना उत्तरे देतात. नागपूर लोकसभा मतदारसंघाचे प्रतिनिधित्व २०१४ पासून श्री. नितीन गडकरी करीत आहेत आणि या सर्व काळात ते केंद्रीय मंत्री आहेत. साहजिकच प्रचलित कोष्टकांत नागपूरच्या खासदारापुढील हे रकाने रिकामे राहतात. त्यावरून चांगला वा वाईट असा कोणताही निष्कर्ष काढणे अशास्त्रीय होय.

मत नोंदले जाते केव्हा?

राज्यघटनेच्या अनुच्छेद १०० व १८९ नुसार संसदेत आणि राज्य विधिमंडळात निर्णय उपस्थित राहून मतदान करणाऱ्या सदस्यांच्या बहुमताने होतात. हे बहुमत कसे मोजावे हे मात्र घटनेने सांगितले नाही. ते सभागृहांच्या नियमांवर सोडले आहे. नियमांनुसार प्रथम आवाजी मतदान होते. अध्यक्ष प्रस्ताव मताला टाकतात, सदस्य ‘होय’ किंवा ‘नाही’ म्हणतात, आणि कोणत्या बाजूचे बहुमत आहे याविषयी अध्यक्ष आपले मत जाहीर करतात. कोणी हरकत घेतली नाही तर निर्णय तेथेच पूर्ण होतो. कार्यवृत्तात ‘प्रस्ताव संमत झाला’ एवढेच उरते.

हरकत घेतली गेली तर मतविभागणी होते. महाराष्ट्र विधानसभेच्या बोलीत यालाच ‘पोल मागणे’ म्हणतात. परंतु मागणी झाली म्हणजे नावे नोंदली जातीलच असे नाही. लोकसभेच्या नियम ३६७ नुसार मतविभागणीची मागणी अनावश्यक आहे असे अध्यक्षांना वाटल्यास ते दोन्ही बाजूंच्या सदस्यांना जागेवर उभे राहण्यास सांगून केवळ शिरगणती करू शकतात, आणि अशा वेळी मतदारांची नावे नोंदली जात नाहीत, असे नियमच म्हणतो. अमेरिकेच्या संविधानात उपस्थित सदस्यांपैकी एक-पंचमांश सदस्यांनी मागणी केल्यास प्रत्येकाचे मत कार्यवृत्तात नोंदवणे बंधनकारक आहे. आपल्या घटनेत तशी तरतूद नाही.

घटनादुरुस्तीची गोष्ट वेगळी. अनुच्छेद ३६८ ला एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि उपस्थितांपैकी दोन-तृतीयांश अशी दुहेरी अट असल्यामुळे मोजणी टाळताच येत नाही. म्हणूनच महिला आरक्षणाचे विधेयक सप्टेंबर २०२३ मध्ये लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी संमत झाले हे आपण निश्चितपणे सांगू शकतो, आणि विरोधी दोन मतांपैकी एक औरंगाबादचे तत्कालीन खासदार इम्तियाज जलील यांचे होते हेही. जलील यांनी बाहेर जे सांगितले ते आणि सभागृहातले त्यांचे मत यांची तुलना येथे शक्य होते. याउलट कृषिविषयक विधेयके २० सप्टेंबर २०२० रोजी राज्यसभेत गदारोळात आवाजी मतदानाने संमत झाली. मतविभागणीची मागणी मान्य झाली नाही. कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यातील एखाद्या अभ्यासकाने तेथे आपल्या राज्याच्या सदस्यांची मते शोधू गेल्यास त्याच्या हाती काही लागत नाही.

पूर्वी काय होते?

ही परंपरा वसाहतकाळातून आली असावी असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती तशी नाही. दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळाच्या छापील कार्यवृत्तांत मतविभागणीनंतर दोन्ही बाजूंच्या सदस्यांच्या याद्या नावानिशी दिलेल्या असत. लोकनायक बापूजी अणे यांनी १९२० व १९३० च्या दशकांत वऱ्हाडचे प्रतिनिधित्व या सभागृहात केले. जातीय निवाड्यासंबंधी काँग्रेसची भूमिका न पटल्यामुळे १९३४ मध्ये ते पंडित मदनमोहन मालवीय यांच्यासह बाहेर पडले आणि त्यांनी काँग्रेस नॅशनलिस्ट पक्ष स्थापन केला. अशा नेत्याच्या भाषणांशी त्याची मते ताडून पाहायची झाल्यास याद्या उपलब्ध आहेत.

यामागील कारण मनोरंजक आहे. त्या सभागृहात सरकार हरले तरी पडत नसे. कार्यकारी मंडळ सभागृहाला जबाबदारच नव्हते. त्यामुळे प्रत्येक मतविभागणी ही लोकमताची जाहीर नोंद ठरे आणि राष्ट्रीय पक्ष ती आग्रहाने मागत. सार्वजनिक सुरक्षा विधेयकावर १९२८ मध्ये ६१ विरुद्ध ६१ अशी समान मते पडली आणि अध्यक्ष विठ्ठलभाई पटेल यांच्या निर्णायक मताने ते फेटाळले गेले, ही घटना मोजणीशिवाय घडूच शकली नसती. जबाबदार शासनपद्धती आल्यावर सरकारचे अस्तित्व बहुमतावर अवलंबून राहिले, पक्षाची शिस्त घट्ट झाली, निकाल आधीच ठाऊक असू लागला आणि मोजणी हा वेळेचा अपव्यय वाटू लागला. ब्रिटनमध्येही शासनपद्धती हीच आहे. तेथे मात्र मतविभागणीच्या नावनिशीवार याद्या नियमाने प्रसिद्ध होतात. तेव्हा संसदीय पद्धती हे कारण पुरेसे नाही.

विदर्भाचा प्रश्न : वक्तव्ये विपुल, मते दुर्मीळ

नागपूरच्या प्रतिनिधींच्या बाबतीत हा अभाव सर्वांत तीव्रतेने जाणवतो तो स्वतंत्र विदर्भाच्या प्रश्नावर. मध्य प्रांत व वऱ्हाडच्या विधिमंडळाने १ ऑक्टोबर १९३८ रोजी नागपुरात महाविदर्भाच्या निर्मितीचा ठराव एकमताने संमत केला होता. फाजल अली आयोगाने १९५५ मध्ये स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली. राज्य झाले नाही, म्हणून १९६२ मध्ये नागपूरकरांनी ऐंशी वर्षे ओलांडलेल्या बापूजी अण्यांना याच मागणीवर अपक्ष म्हणून लोकसभेत पाठवले. १९७१ मध्ये विदर्भ आंदोलनाचे जांबुवंतराव धोटे निवडून आले. भारतीय जनता पक्षाने १९९७ मध्ये भुवनेश्वर येथे विदर्भाच्या बाजूने ठराव केला. काँग्रेसचे विलास मुत्तेमवार हे १९९८ ते २०१४ या काळात नागपूरचे खासदार होते आणि तेलंगणाबरोबर विदर्भही द्यावा अशी त्यांची जाहीर मागणी होती. म्हणजे वक्तव्यांची साखळी अखंड आणि बहुपक्षीय आहे.

मतांचे काय? अनुच्छेद ३ नुसार नव्या राज्याचे विधेयक राष्ट्रपतींच्या शिफारशीशिवाय, म्हणजे व्यवहारात केंद्र सरकारच्या इच्छेशिवाय, संसदेत मांडताच येत नाही. संबंधित विधिमंडळाचे मत मागवावे लागते, पण ते बंधनकारक नसते. विदर्भनिर्मितीचे सरकारी विधेयक महाराष्ट्राच्या स्थापनेनंतर संसदेसमोर आलेले नाही; त्यामुळे नागपूरच्या कोणत्याही खासदाराला या प्रश्नावर अंतिम परीक्षा द्यावी लागलेली नाही. अशासकीय मार्ग उरतो. भंडारा-गोंदियाचे तत्कालीन खासदार नाना पटोले यांनी २०१६ मध्ये त्या मार्गाने विषय लोकसभेत नेण्याचा प्रयत्न केला, तेव्हा मुंबईत विधिमंडळात गदारोळ झाला आणि असा कोणताही प्रस्ताव राज्य सरकारपुढे नाही असे सांगून मुख्यमंत्र्यांना तो शमवावा लागला. मत कोणालाच द्यावे लागले नाही. खासगी सदस्याचे विधेयक संसदेत संमत होऊन कायदा होण्याची शेवटची घटना १९७० ची आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या मार्गाचे मोल कळते.

आणि विधेयक आले असते तरी? उत्तर प्रदेशच्या चार भागांत विभाजनाचा ठराव तेथील विधानसभेने २१ नोव्हेंबर २०११ रोजी गोंधळात, काही मिनिटांत, आवाजी मतदानाने संमत केला. आंध्र प्रदेश विधानसभेने तेलंगणाचे विधेयक ३० जानेवारी २०१४ रोजी आवाजी मतदानानेच फेटाळले, आणि लोकसभेने १८ फेब्रुवारी २०१४ रोजी ते आवाजी मतदानानेच संमत केले. त्या वेळी थेट प्रक्षेपणही बंद पडले होते. एका राज्याचे दोन भाग करणाऱ्या या निर्णयात विदर्भातील दहा खासदारांपैकी कोणी काय मत दिले, हे कार्यवृत्तातून सिद्ध करता येत नाही.

विश्वासदर्शक ठराव : तीन प्रसंग

मोजणी असणे आणि नसणे यांतील फरक दाखवणारे तीन प्रसंग महाराष्ट्र विधानसभेतच घडले आहेत. ऑक्टोबर २०१४ च्या निवडणुकीत भारतीय जनता पक्षाला २८८ पैकी १२२ जागा मिळाल्या. नागपूर दक्षिण-पश्चिमचे आमदार देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री झाले. शिवसेना तेव्हा विरोधी बाकांवर होती आणि राष्ट्रवादी काँग्रेसने बाहेरून पाठिंबा देऊ केला होता. प्रचारात, विशेषतः विदर्भातील सिंचनप्रकल्पांवरून, भाजपचा रोख याच पक्षावर होता. त्यामुळे १२ नोव्हेंबर २०१४ रोजी विश्वासदर्शक ठरावाला कोणाची मते मिळतात हा औत्सुक्याचा प्रश्न होता. ठराव आवाजी मतदानाने संमत झाल्याचे अध्यक्ष हरिभाऊ बागडे यांनी जाहीर केले; मतविभागणीची शिवसेना व काँग्रेसची मागणी, ती उशिरा आली म्हणून, मान्य झाली नाही. पुढे डिसेंबरमध्ये शिवसेना सरकारात आली आणि सरकारच्या स्थैर्याचा प्रश्न मिटला. पण कोणाच्या मतांनी त्या दिवशी सरकार तरले याचे उत्तर कार्यवृत्तात नाही. भाजप व राष्ट्रवादी या दोन्ही पक्षांच्या निवडणुकीतील वक्तव्यांची कसोटी लागण्याची ती एकमेव घटिका होती, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

३० नोव्हेंबर २०१९ रोजी उद्धव ठाकरे सरकारच्या ठरावावर शिरगणती झाली : बाजूने १६९, विरोधात शून्य, तटस्थ ४, भाजपच्या सदस्यांनी सभात्याग केला होता. तत्पूर्वी २६ नोव्हेंबर रोजी फडणवीस सरकारच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने गुप्त नव्हे तर खुले मतदान आणि त्याचे थेट प्रक्षेपण व्हावे असा आदेश दिला होता. ४ जुलै २०२२ रोजी एकनाथ शिंदे सरकारने १६४ विरुद्ध ९९ मतांनी विश्वास मिळवला आणि कोण कोणत्या बाजूला उभा राहिला हे सर्वांनी पाहिले.

तरीही येथे नवाच पेच उद्भवला. ५२ व्या घटनादुरुस्तीने १९८५ मध्ये आलेल्या दहाव्या अनुसूचीनुसार पक्षादेशाविरुद्ध मत देणारा सदस्य अपात्र ठरू शकतो. प्रतोद ही व्यक्ती आणि पक्षादेश हा तिने काढलेला आदेश. शिवसेनेत त्या दिवशी दोन प्रतोद आणि दोन परस्परविरोधी पक्षादेश होते. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये प्रतोद नेमण्याचा अधिकार विधिमंडळ पक्षाला नसून राजकीय पक्षाला आहे असे म्हटले. विधानसभा अध्यक्षांनी जानेवारी २०२४ मध्ये कोणत्याही गटाच्या आमदारांना अपात्र ठरवले नाही. म्हणजे मत स्पष्ट, पण ते कोणाच्या आज्ञेचे पालन होते हे वादग्रस्त.

पक्षादेशाच्या व्याप्तीविषयी किहोतो होलोहान खटल्यात १९९२ मध्ये न्यायालयाने सुचवले होते की अपात्रतेचा धाक सरकारच्या अस्तित्वाशी वा पक्षाच्या मूलभूत धोरणाशी निगडित मतदानापुरता असावा. अनुसूचीच्या शब्दांत तसा बदल झालेला नाही आणि पक्ष किरकोळ विधेयकांवरही पक्षादेश काढतात. अशा स्थितीत नोंदलेले मतही सदस्याचे स्वतःचे मत म्हणून वाचणे धोक्याचे असते. अभ्यासकाने प्रथम पक्षादेश होता काय हे पाहावे. नसल्यास त्या मताला अधिक वजन द्यावे.

अभ्यासकाच्या हाती काय उरते?

मतनोंदीच्या अभावी दुसरे एक साधन बरेचसे दुर्लक्षित राहिले आहे. मंत्री सभागृहात ‘तपासून पाहू’, ‘चौकशी करू’, ‘निधी देऊ’ असे जे सांगतात, त्याचा पाठपुरावा करण्यासाठी विधानमंडळाची आश्वासन समिती असते आणि तिचे अहवाल सभागृहाला सादर होतात. नागपूर करारानुसार, १९५३ च्या त्या दस्तऐवजात ठरल्याप्रमाणे, विधिमंडळाचे एक अधिवेशन दरवर्षी नागपुरात भरते. विदर्भाच्या अनुशेषाविषयीची, सिंचनाविषयीची, मिहानविषयीची आश्वासने याच अधिवेशनांत मोठ्या संख्येने दिली जातात. त्यांची तारीखवार यादी करून प्रत्येकाची पूर्तता केव्हा झाली, किती वेळा मुदतवाढ मागितली गेली आणि कोणते आश्वासन वगळले गेले हे अहवालांतून तपासता येईल. मंत्रिपदावरील प्रतिनिधीच्या बाबतीत, ज्याच्यापुढील उपस्थितीचा व प्रश्नांचा रकाना रिकामा असतो, हीच नोंद सर्वाधिक उपयोगी ठरते. एका महाविद्यालयाच्या विभागाने एकेका खात्याचा दशकभराचा काळ घेतला, तर लघुप्रबंधांच्या तीन-चार तुकड्यांत हे काम पुरे होण्यासारखे आहे.