लोकरीचे विणकाम

लोकरीचे विणकाम : लोकरीच्या अखंड धाग्याचे फासे एकमेकांत गुंतवून सुयांच्या साहाय्याने वस्त्र तयार करण्याची हस्तकला. मागावरील विणाईत उभ्या व आडव्या धाग्यांची गुंफण असते. सुयांवरील विणकामात बहुधा एकच धागा ओळीमागून ओळ फिरत जातो. फाशांच्या रचनेमुळे हे वस्त्र ताणले जाते व पुन्हा आकसते. त्यामुळे मोजे, टोपी, स्वेटर यांस ते सोयीचे ठरते. मात्र एक टाका सुटल्यास त्याखालील टाकेही उसवत जातात.

ईजिप्तमध्ये सापडलेले या विणकामाचे जुने नमुने सु. अकराव्या ते चौदाव्या शतकांतील आहेत. इंग्‍लंडमध्ये विल्यम ली याने १५८९ मध्ये मोजे विणण्याचे यंत्र तयार केले. भारतात यूरोपीयांच्या संपर्कानंतर ही कला घरोघरी रुजली.

साधने व तंत्र : सुलट व उलट हे दोन मूलभूत टाके असून बहुतेक नमुने त्यांच्या मांडणीतून साधतात. एक सुलट व एक उलट अशा क्रमाने विणलेली पट्टी लवचिक असल्याने काठ व मनगट यांसाठी वापरतात. क्रोशाच्या विणकामात दोन सुयांऐवजी एकच आकडी असते व साखळी, मुका खांब आणि खांब हे त्यातील प्रमुख टाके होत. भारतात प्रचलित असलेल्या जुन्या ब्रिटिश क्रमांकांनुसार आकडा वाढेल तशी सुई बारीक होते : ८ क्रमांकाची सुई ४ मिमी., १० क्रमांकाची ३·२५ मिमी. व १२ क्रमांकाची २·७५ मिमी. जाडीची असते. अंगासाठी १० व काठासाठी १२ क्रमांकाची सुई घेण्याची पद्धत आहे.

प्रत्येकाच्या हाताचा ताण निराळा असल्याने प्रथम नमुन्याचा चौकोन विणून १० सेंमी. रुंदीतील टाके मोजतात. ते २२ भरल्यास ६० सेंमी. घेरासाठी १३२ टाके लागतात. हात घट्ट असून तेच २४ भरत असतील, तर १३२ टाक्यांचा घेर केवळ ५५ सेंमी. होतो. रंगाच्या छटेत किंचित फरक पडू नये म्हणून लागणारी सर्व लोकर एकाच वेळी व एकाच रंगखेपेची घेणे इष्ट असते.

धागा : बाजारात ‘लोकर’ म्हणून मिळणारा पुष्कळसा धागा ॲक्रिलिक असतो. जाळल्यास खऱ्या लोकरीला केस जळल्यासारखा वास येतो व चुरगळणारी राख उरते. ॲक्रिलिक वितळून त्याचा कठीण काळा मणी बनतो. लोकरीच्या तंतूंवरील खवले उष्णता, ओलावा व घर्षण यांमुळे एकमेकांत अडकून वस्त्र आटते. म्हणून ते थंड पाण्यात न चोळता धुवावे व सपाट पसरून वाळवावे. ॲक्रिलिक आटत नाही. परंतु गरम इस्तरीने त्याचा आकार बिघडतो.

कोल्हापूर परिसर : येथील थंडी सौम्य असल्याने मंगळवार पेठेसारख्या शहरातील जुन्या वस्त्यांत हे काम मुख्यतः घरगुती स्वरूपाचे राहिले आहे. बाळंतविड्यातील कुंची, टोपडे व मोजे हे त्याचे खास प्रकार होत. तान्ह्या मुलांच्या वस्त्रांसाठी मऊ, न टोचणारा धागा निवडतात. बोटे अडकतील अशी मोठ्या छिद्रांची जाळी टाळतात.

याच जिल्ह्यात लोकरीची दुसरी, अधिक जुनी परंपरा आहे. धनगरांच्या दख्खनी मेंढ्यांची लोकर आखूड, राठ व बहुधा काळी असते. ती कातरून हाताने सूत काढतात. सणगर विणकर ते मागावर विणून व चिंचोक्याची खळ देऊन घोंगडी तयार करतात. पट्टणकोडोली येथील विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्याबरोबर लोकरही उधळली जाते. अंगालगतच्या विणकामास ही लोकर टोचते. आसने, पिशव्या व जाजमे यांस मात्र तिचा टिकाऊपणा उपयोगी पडतो. घोंगडीची मागणी घटल्याने व मेंढ्या मुख्यतः मांसासाठी पाळल्या जाऊ लागल्याने कातरलेली लोकर अनेकदा टाकून दिली जाते. परिणामी सूत काढण्याचे व घोंगडी विणण्याचे पिढीजात कौशल्यही क्षीण होत आहे.