पापणी लवते तेवढ्यात अर्धा दिवस

‘कोरलाइन’ हा 2009 सालचा सिनेमा 100 मिनिटांचा आहे. पडद्यावर सेकंदाला 24 चित्रं सरकतात, म्हणजे सगळी मिळून झाली 1,44,000. इथपर्यंतचं गणित कुठल्याही सिनेमाला लागू पडतं. पण इथे आपणहून हलणारं कोणीच नाही. साडेनऊ इंचांच्या बाहुलीचा हात केसभर सरकवायचा, फोटो काढायचा. पुन्हा केसभर, पुन्हा फोटो. यालाच स्टॉप मोशन म्हणतात. त्यात हा सिनेमा थ्रीडी. त्यामुळे दर चित्रासाठी एक फोटो डाव्या डोळ्याचा, एक उजव्याचा. कॅमेरा एकच, तो जरासा बाजूला सरकून दुसरा फोटो घ्यायचा. फुकट गेलेलं, पुन्हा केलेलं काम सोडून दिलं तरी हा आकडा 2,88,000 वर जातो.

अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात, पोर्टलंडजवळच्या हिल्सबरो गावी ‘लायका’ या स्टुडिओने हा सिनेमा केला. दिग्दर्शक हेन्री सेलिक. मूळ गोष्ट नील गेमनच्या 2002 सालच्या छोट्या कादंबरीतली. नव्या घरात आलेल्या, आईबाबांना वेळ नसलेल्या कोरलाइन नावाच्या मुलीला भिंतीत एक बुटकं दार सापडतं. पलीकडे तसंच घर, तशीच आई, फक्त स्वयंपाक झकास आणि लाड हवे तेवढे. आणि डोळ्यांच्या जागी काळी बटणं. इथेच राहायचं असेल तर तूही बटणं शिवून घे, असं ती दुसरी आई हसत हसत सांगते. पोरांसाठीच्या सिनेमात याहून भीतिदायक मागणी मी तरी ऐकलेली नाही.

काम ऐन भरात असताना एका वेळी सुमारे 28 ॲनिमेटर राबत होते आणि सगळ्यांचं मिळून आठवड्याला 90 ते 100 सेकंदांचं काम हाती यायचं. माणशी हिशेब केला तर साडेतीन सेकंदांच्या आसपास. आठवड्याचे कामाचे दिवस पाच धरले, तर दिवसाला 16 चित्रं. आता प्रेक्षकाकडे या. पापणी मिटून उघडायला सेकंदाचा साधारण तिसरा भाग लागतो असं धरू. तेवढ्यात आठ चित्रं निघून जातात. म्हणजे एका ॲनिमेटरचा अर्धा दिवस आपण पाहिलाच नाही! मिनिटाला पंधरा वेळा पापण्या लवतात असं मानलं, तर सिनेमा संपेपर्यंत 12,000 चित्रं आपल्या नकळत गेली. त्या कारागिरांनी हा हिशेब मांडला नसेल तर बरंच.

चेहऱ्यांचा आकडा सगळ्यात जास्त सांगितला जातो. कोरलाइनच्या चेहऱ्यावर दोन लाखांहून जास्त हावभाव आणता येत. हा आकडा खरा आहे, पण तो कसा फुगतो ते समजून घेतलेलं बरं. तिचा चेहरा दोन तुकड्यांत होता: कपाळ-भुवयांचा वरचा आणि तोंड-हनुवटीचा खालचा. प्रत्येक भागाचे साडेचारशे नमुने असतील, तर गुणाकार दोन लाखांच्या वर जातो. म्हणजे दोन लाख चेहरे कोणी घडवले नाहीत, दोन लाख जोड्या जमू शकत होत्या. तरीही एक गोष्ट हसू आणणारी आहे. अख्ख्या सिनेमात चित्रं 1,44,000. कोरलाइन प्रत्येक चित्रात असती आणि एकही हावभाव दुसऱ्यांदा आला नसता, तरी सगळे वापरून झाले नसते. मुलीचा चेहरा तिच्या सिनेमापेक्षा मोठा निघाला.

हे जमलं थ्रीडी प्रिंटरमुळे. चेहरे संगणकावर घडवायचे, प्रिंटरमधून काढायचे आणि बाहुलीवर बदलत राहायचे, असं पूर्ण लांबीच्या सिनेमात पहिल्यांदाच झालं. सेलिकच्याच ‘द नाइटमेअर बिफोर ख्रिसमस’मध्ये, 1993 साली, जॅक या नायकाची सुमारे 400 डोकी होती आणि तेव्हा तेच अफाट वाटलं होतं. पण प्रिंटर चेहरा द्यायचा कोरा. रंग हातानेच. कोरलाइनच्या नाकागालांवर वांगाचे बारीक ठिपके आहेत. ते प्रत्येक चेहऱ्यावर अगदी त्याच जागी पडायला हवेत, नाहीतर पडद्यावर ते माश्यांसारखे वळवळले असते. दोन तुकड्यांमधली आडवी फट मात्र नंतर संगणकावर पुसून टाकली.

जागेबद्दल थोडक्यात. चित्रीकरण झालं ते गोदाम 1,40,000 चौरस फुटांचं, म्हणजे सव्वातीन एकराला जरासं कमी. त्यात सुमारे 150 सेट, त्यांपैकी फळबागेचा एकच सेट 42 फूट लांब. एकट्या कोरलाइनच्या 28 बाहुल्या, म्हणजे एकाच वेळी अनेक सेटवर तीच मुलगी वेगवेगळ्या संकटांत सापडलेली. झाडांवरचा गुलाबी बहर म्हणजे रंगवलेले पॉपकॉर्न, सुमारे अडीच लाख दाणे.

मला मात्र त्या अडीच लाखांपेक्षा एका स्वेटरचं जास्त अप्रूप वाटतं. दुसऱ्या आईने दिलेला तो निळा, चांदण्यांचा स्वेटर. बाहुली माणसाच्या साधारण सहाव्या हिश्शाची. तिच्या अंगावर नेहमीच्या लोकरीचा धागा दोरखंडासारखा दिसतो आणि मुलगी खोटी ठरते. म्हणून अल्थिया क्रोम या कलावतीने केसाची आठवण व्हावी इतक्या बारीक सुयांवर बारीक धाग्याने तो हाताने विणला. कोरलाइनचे हातमोजेही तिचेच. सिनेमात ही मुलगी खऱ्या आईकडे मोज्यांसाठी हट्ट धरते आणि आई नाही म्हणते. मोजे विणायला काय लागतं हे एकदा कळलं, की त्या आईची बाजू थोडी पटायला लागते.

थ्रीडीतही असंच मापाचं काम. माणसाच्या दोन डोळ्यांमधलं अंतर सुमारे 65 मिलिमीटर; कोरलाइनच्या मापाने ते एक सेंटीमीटरच्या आसपास येतं. खऱ्या घराचे सेट मुद्दाम उथळ, दबलेले बांधले, दुसऱ्या आईच्या घराचे खोल. त्याला धरून कॅमेऱ्याचं सरकणंही कमीजास्त केलं. कंटाळा आणि मोह यांतलं अंतर सेलिक आणि छायालेखक पीट कोझाचिक यांनी असं मोजून ठेवलं. चष्मा लावून बसलेल्या पोराला एवढंच कळतं, की पलीकडे श्वास मोकळा होतो. पुढे हीच जागा आवळत जाते, तेव्हा अंगावर काटा येतो.

आणि बटणं. बटणं लवत नाहीत. बाकी पात्रांना जिवंत ठेवायला पापण्या हलवाव्या लागतात; दुसऱ्या आईच्या बाबतीत ती मेहनत वाचली, पण मग माया, राग, लबाडी सगळं तोंड, मान आणि बोटांवर आलं. कोणताही बटबटीत राक्षस तिच्याइतका घाबरवत नाही, याचं बरंचसं श्रेय मी त्या न लवणाऱ्या नजरेला देतो.

सिनेमाचा खर्च अंदाजे 6 कोटी डॉलर, पहिल्या प्रदर्शनातली जगभरची कमाई 12 कोटींच्या वर. पंधरा वर्षांनी, ऑगस्ट 2024 मध्ये, तो अमेरिकेत पुन्हा थिएटरात लागला आणि तिथेच 3 कोटींहून जास्त कमावून गेला. जुन्या स्टॉप मोशनपटाच्या मानाने हे विलक्षणच.

मधल्या काळात लायकाचे चेहरे वाढतच गेले. ‘पॅरानॉर्मन’मध्ये (2012) प्रिंटरने रंगीत चेहरे दिले आणि नॉर्मनच्या हावभावांचा आकडा 15 लाखांवर गेला. ‘कुबो अँड द टू स्ट्रिंग्ज’मध्ये (2016) कुबोचे झाले 4 कोटी 80 लाख. ॲनिमेटरचं आठवड्याचं काम मात्र तिथेही तीन-चार सेकंदांच्या आसपासच राहिलं.