खाऱ्या हवेतली तार

पोलादी तार गंजायला हवा आणि पाणी पुरते. गोव्यात त्यात मिठाचीही भर पडते. पेडण्यातल्या केरी, हरमल, मोरजी या किनाऱ्यांवर लाटांतून उडालेले मिठाचे कण वाऱ्याबरोबर घरांत येतात. आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की हे कण हवेतले पाणी ओढून विरघळतात आणि तंबोऱ्याच्या तारेवर खाऱ्या पाण्याचा पातळ थर धरतो. डिचोली समुद्रापासून आत असल्याने तिथे मीठ कमी, पण पावसाळ्यातला दमटपणा तितकाच. बोटांचा घाम तर दोन्हीकडे खारटच.

तार नुसती काळवंडली तर बिघडत नाही. सुरेलपणासाठी तिचे वजन लांबीभर एकसारखे लागते. गंजाचे खड्डे पडले की वरचे स्वरांश मूळ स्वराशी जुळेनासे होतात. मग ताण त्या खड्ड्यांपाशी एकवटतो आणि खुंटी पिळताना तार तुटते.

स्टेनलेस पोलाद हा सहज सुचणारा उपाय. त्यातल्या किमान साडेदहा टक्के क्रोमियममुळे बनणारा ऑक्साइडचा अदृश्य थर गंज रोखतो. पण ठरावीक लांबीची तार न तुटता किती वरच्या स्वरापर्यंत चढेल, हे तिच्या जाडीवर अवलंबून नसते. धातूची ताकद आणि घनता यांच्या गुणोत्तरावर ते ठरते. तिथे ०.७ ते १ टक्का कार्बनचे, ओढून बारीक केलेले साधे पोलाद सरस ठरते, म्हणून त्यालाच मुलामा देतात. कथिल किंवा निकेलच्या मुलाम्याला ओरखडा गेला की खालचे पोलाद गंजू लागते. जस्त मात्र आधी स्वतः झिजून पोलाद वाचवते. खर्जाच्या पितळी तारेतून उलट जस्तच निघून जाते आणि ती ठिसूळ होते. तांब्यात सुमारे ८ टक्के कथिल असलेले फॉस्फर ब्राँझ त्याहून टिकाऊ.

गिटारच्या तारांवर अमेरिकेतल्या गोर कंपनीने १९९०च्या दशकात पॉलिमरचे पातळ आवरण आणले. हरमलच्या किनाऱ्यावरच्या गिटारला ते उत्तम. तंबोऱ्याला नाही: जवारीचा झंकार उघडी तार घोडीवर घासूनच उमटतो, आणि मऊ आवरण नेमके तेच वरचे स्वरांश दाबते. इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याने ही कटकट मिटवली खरी, पण जवारीची सर त्याला नाही. खऱ्या तंबोऱ्याच्या तारा वाजवून झाल्यावर सुती फडक्याने पुसायच्या, घोडीजवळ अधिक नीट, आणि गवसणी कोरडी असेल तरच चढवायची.