उधारीची वही आणि वसीयत

कोकणातल्या दुकानदाराला मालाचा भाव विचारा, तो पैशापर्यंत सांगेल. वसीयत केली काय असे विचारा, तो 'खुदा न करे' म्हणून विषय बदलेल. जणू कागद लिहिला की मलकुल-मौत पत्ता शोधत दारात येणार! सन २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत हा गैरसमज आमच्या बिरादरीला फार महाग पडला. पुढे महामारी ओसरली, बाजार पूर्ववत झाला, आणि ज्या गोष्टी तेव्हा लिहायच्या राहिल्या त्या बहुतेक घरांत आजही राहिलेल्याच आहेत. म्हणून व्यापाराच्या या पानावर तेजी-मंदी बाजूला ठेवून हा विषय घेतला आहे. तो धंद्याचाच विषय आहे.

आम्ही किहीमचे. १५ मार्च २०२० रोजी भाऊचा धक्का ते मांडवा अशी रो-रो बोट सुरू झाली तेव्हा मुंबईचा माल आता गाडीसकट बोटीवरून उतरेल म्हणून या बाजूचे व्यापारी खूष होते. दहा दिवसांत देशभर टाळेबंदी आली. बोट थांबली आणि मालही थांबला. त्यातच ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. माडा-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, कौले आणि पत्रे उडाले, आणि ज्या घरांत पाणी शिरले तेथे कपाटातले कागदही भिजले. कापडाचा तागा भिजला तर वाळवून पडत्या भावाने विकता येतो. भिजलेल्या वहीतील शाई परत येत नाही.

कापडाचा धंदा सगळा उधारीवर चालतो हे वाचक बंधूंना सांगायला नको. भिवंडी-मालेगावचा माल मुदतीवर येतो, गिऱ्हाईक लग्नसराईत नेतो आणि सवडीने देतो. आमच्या ओळखीचे एक व्यापारी एप्रिल २०२१ च्या दुसऱ्या लाटेत इस्पितळात गेले. हिशेबाला पक्के, पण सगळा हिशेब डोक्यात. आत नातेवाइकांना प्रवेश नव्हता, नाकाला प्राणवायूची नळी, फोनवर दोन शब्द बोलले की दम लागायचा. सहाव्या दिवशी इंतकाल झाला. त्यानंतर ज्यांना पैसे द्यायचे होते ते चिठ्ठ्या घेऊन आले. ज्यांच्याकडून यायचे होते ते फक्त ताजियतीला आले. चाळीस दिवसांनी एक बेवा बाई आली. तिने मुलीच्या लग्नासाठी सोन्याच्या चार बांगड्या दुकानात अमानत ठेवल्या होत्या म्हणे. बांगड्या तिजोरीत होत्या, पण त्या कुणाच्या याचा कागद नव्हता. घरातील सुनांपैकी एकीने त्या सासूच्या असल्याचे सांगितले. कोण खरे आणि कोण खोटे? सांगणारा कब्रस्तानात होता.

वसीयत म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर वाटणी येते. वास्तविक वाटणीचे काम शरीअतने आधीच करून ठेवले आहे. बायकोचा, मुलाचा, मुलीचा, आई-बापाचा हिस्सा सूरे निसामध्ये ठरलेला आहे. तो आपल्या लिहिण्याने वाढत नाही की घटत नाही. आपण लिहायचे ते दुसरेच आहे : देणे, येणे, अमानत, मेहर. कुरआनातील सर्वांत लांब आयत ही सूरे बकरातील कर्ज लिहून ठेवण्याविषयीची आहे, ही गोष्ट व्यापाऱ्याने ध्यानात घेण्यासारखी आहे. आणि हजरत इब्ने उमर (रजि.) यांच्या रिवायतीप्रमाणे ज्याच्याजवळ वसीयत करण्याजोगे काही आहे त्याने ती लिहून ठेवल्याशिवाय दोन रात्रीही घालवू नयेत.

क्रम असा आहे. मय्यतीच्या मालातून प्रथम कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज (न दिलेला मेहर हेही कर्जच), मग उरलेल्याच्या एक तृतीयांशापर्यंत वसीयत, आणि शेवटी वारसांचे हिस्से. समजा दुकान, माल व घर मिळून २४ लाख रुपये आहेत. कफन-दफन, मेहर आणि व्यापाऱ्यांचे देणे मिळून ६ लाख गेले. उरले १८ लाख. त्यांतील जास्तीत जास्त ६ लाखांची वसीयत करता येते. ती पूर्ण केली तर १२ लाख राहिले. बेवेचा आठवा हिस्सा दीड लाख. साडेदहा लाखांत दोन मुलगे व एक मुलगी असतील तर मुलग्यांना प्रत्येकी ४ लाख २० हजार आणि मुलीला २ लाख १० हजार. हिशेब सोपा आहे. पण ते ६ लाखांचे देणे कुठेच लिहिलेले नसेल तर पोरे २४ लाख वाटून घेतात, आणि मरणाऱ्याच्या मानेवर कर्ज राहते.

आता तो एक तृतीयांश कुणासाठी? जो वारस आहे त्याच्या नावे वसीयत सुन्नी कायद्यात चालत नाही. मौतीनंतर बाकीच्या वारसांनी राजीखुशीने मंजूर केली तरच चालते. म्हणजे लाडक्या मुलाला दुकान लिहून देण्याचा हा रस्ता नव्हे. हा रस्ता ज्याला हिस्सा मिळत नाही त्याच्यासाठी आहे, आणि त्यांत सर्वांत पहिले म्हणजे यतीम नातवंडे. बाप हयात असताना मुलगा गेला आणि दुसरा मुलगा हयात असेल, तर गेलेल्या मुलाच्या पोरांना आजोबांच्या तरक्यातून काही मिळत नाही. महामारीने तरणेताठे मुलगे नेले आणि म्हातारे मागे ठेवले, अशी घरे आपल्या प्रत्येकाच्या माहितीत आहेत. मिसरने सन १९४६ च्या कायद्याने अशा नातवंडांसाठी वसीयत सक्तीची मानली. पाकिस्तानने १९६१ साली त्यांना बापाचा हिस्सा देण्याचा कायदा केला. हिंदुस्थानात तसा कायदा नाही. येथे आजोबांनी कलम उचलले तरच त्या पोरांना काही मिळणार. जे आजोबा आज हयात आहेत आणि ज्यांच्या घरी अशी पोरे आहेत, त्यांनी हा लेख पुढे वाचण्यापूर्वी कागद घेतला तरी आमची हरकत नाही.

किहीमला लोक डॉ. सालिम अली यांच्या सुगरण पक्ष्यांमुळे ओळखतात. ज्या तय्यबजी घराण्याची येथे घरे होती, त्याच घराण्यातील न्यायमूर्ती फैज तय्यबजी यांचे मुस्लिम कायद्यावरील पुस्तक आजही वकिलांच्या कपाटात असते. अशा पुस्तकांत मर्ज-उल-मौत नावाचे एक प्रकरण असते, आणि व्यापाऱ्याने ते समजून घेतले पाहिजे. ज्या आजारात माणूस शेवटी मरतो, त्या आजारात त्याने केलेली हिबा, म्हणजे बक्षीस, ही वसीयतीसारखीच धरली जाते. परक्याला दिली तर एक तृतीयांशापुरती. वारसाला दिली तर बाकीच्यांच्या मंजुरीशिवाय निरर्थक. मुंबई हायकोर्टाने साराबाई विरुद्ध राबियाबाई या जुन्या खटल्यात तीन गोष्टी पाहायला सांगितल्या : मौत जवळ असल्याचा धोका, आजाऱ्याच्या स्वतःच्या मनात ती धास्ती, आणि नेहमीचे कामकाज करता न येण्यासारखी बाहेरची लक्षणे. प्राणवायूवर असलेल्या कोविडच्या रोग्याला या तिन्ही गोष्टी लागू पडण्याचीच शक्यता जास्त. शाफई फिकहच्या किताबांत तर तुफानात सापडलेल्या जहाजावरचा माणूसही याच हुकमात धरला आहे. आमच्या दर्यावर्दी कोकणी पूर्वजांना ही बाब समजवावी लागली नसेल.

तेव्हा मुलीला घर द्यायचे आहे ना? मग तब्येत ठणठणीत असताना द्या. दिले असे जाहीर करा, तिने ते स्वीकारावे, आणि ताबा तिच्या हाती द्यावा. या तीन गोष्टींनी हिबा पुरी होते. इस्पितळातील खाटेवर अंगठा घेऊन केलेले कागद शेवटी कोर्टातच जातात.

दुसरी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. बाप गेला तर अल्पवयीन पोरांच्या मालमत्तेची कायदेशीर वली आई आपोआप होत नाही. घर किंवा गाळा विकायची वेळ आली तर तिला १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली कोर्टात जावे लागते. मात्र बापाने वसीयतीत तिला वसी नेमले असेल तर तिच्या हाती अधिकार येतो. यासाठी दोन ओळी पुरतात. आम्ही म्हणतो, तिशीतल्या दुकानदाराने दुसरे काही लिहिले नाही तरी चालेल, या दोन ओळी लिहाव्यात.

बँकेतील नॉमिनीच्या भरवशावर राहणारेही पुष्कळ. १ नोव्हेंबर २०२५ पासून खात्याला चार नॉमिनी लावता येतात, ती सोय चांगली आहे. पण नॉमिनी हा पैसे उचलणारा असतो, मालक नव्हे. सुप्रीम कोर्टाने शेअर्सच्या बाबतीतही १४ डिसेंबर २०२३ रोजी हेच सांगितले. भागीदारीचे तसेच. करारात वेगळे लिहिले नसेल तर १९३२ च्या कायद्याप्रमाणे एक भागीदार मेला की पेढी मोडते. भागीदारीचा करारच ज्यांनी तोंडी केला आहे, त्यांनी विचार करावा.

बहिणींच्या हक्कसोड पत्राविषयी येथेच बोलून घेतो, कारण ते बोलल्यावाचून राहवत नाही. तिजा-चाळिसावा होत नाही तोच भाऊ कागद पुढे करतात आणि रडत्या बहिणीची सही घेतात. बाप जिवंत असताना घेतलेले हक्कसोड तर शरीअत कायद्यात बांधीलच नसते. हज करून आलेले लोकही हे करतात. ज्या बापाला हे नको असेल त्याने हयातीतच मुलांसमोर स्पष्ट सांगावे, लिहूनही ठेवावे.

दफनाविषयी. मुंबईत नोकरी-धंदा करणाऱ्या कोकणी माणसाची इच्छा असते की आपली माती गावीच व्हावी. टाळेबंदीत ते अशक्य झाले. ३० मार्च २०२० रोजी मुंबई महापालिकेने कोविडच्या सर्व मय्यती जाळण्याचे परिपत्रक काढले आणि त्याच दिवशी ते बदलले. पुढे वांद्र्याच्या कोकणी मुस्लिम कब्रस्तानातील दफनाला काही रहिवाशांनी कोर्टात हरकत घेतली. हायकोर्टाने २२ मे २०२० रोजी त्यांचा अर्ज फेटाळला; मय्यतीपासून रोग पसरतो याला शास्त्रीय आधार नाही आणि इज्जतीने दफन होणे हा माणसाचा हक्क आहे, असे सांगितले. यावरून आमचे मत असे बनले की वसीयतीत 'जिथे मौत तिथल्या कब्रस्तानात दफन' असे लिहून ठेवावे. पोरांची ओढाताण वाचते. गुस्ल देता आले नाही तर काय करावे हे आपल्या आलिमसाहेबांना आधीच विचारून घ्यावे. शेवटच्या आजारात यंत्रावर किती दिवस ठेवावे याचाही कागद आता करता येतो. सुप्रीम कोर्टाने २०१८ साली मान्यता दिली आणि २४ जानेवारी २०२३ रोजी रीत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेत. तो करावा की नाही हेही आलिम आणि डॉक्टर दोघांना विचारून ठरवावे.

राहता राहिला खर्चाचा बहाणा. वसीयतीला स्टँप लागत नाही. रजिस्ट्रेशन सक्तीचे नाही. मुसलमानाची वसीयत तोंडीसुद्धा चालते. पण ती शाबीत करणे महाकठीण, आणि मोबाइलवरच्या आवाजाचेही कोर्टात सर्टिफिकेट मागतात. त्यापेक्षा साधा कागद घ्या. उर्दूत लिहा, मराठीत लिहा, जी भाषा पोरांना वाचता येते तीत लिहा. आमच्या पिढीचे हात उर्दूला सरावलेले आणि पोरे मराठी-इंग्रजी शाळांतली, म्हणून हे सांगतो. तारीख घाला, वारस नसलेले दोन साक्षीदार घ्या. देणे-येण्याची यादी वेगळ्या कागदावर ठेवा, म्हणजे दर रमजानमध्ये जकातीचा हिशेब करताना तीही नवी करता येईल. मूळ प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून जमिनीपासून उंच ठेवा. निसर्ग वादळानंतर हे आम्हांला कुणी शिकवावे लागत नाही. एक नक्कल मुंबईच्या नाहीतर दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे द्या, आणि कपाटाची चावी कुठे असते ते बायकोला आजच सांगा.