टीव्हीच्या 'कॅलिब्रेशन'ला हजारो रुपये द्यावेत का? आधी रिमोट हातात घ्या, ही 6 कामं फुकट होतात!

32 इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला आणि मोठा टीव्ही घेणं थोडं आवाक्यात आलं. सोयाबीनचे, उसाचे किंवा दुधाचे पैसे हातात आले की घरात 43 इंची टीव्ही घ्यायचा विचार होतो. टीव्ही भिंतीवर लागतो, सगळे हौसेने बसतात, आणि दोन दिवसांत कुरबुर सुरू होते. मालिकेतल्या बायकांचे चेहरे लालभडक दिसतात, क्रिकेटचं मैदान पोपटी दिसतं, रात्री बघताना डोळे चुरचुरतात. दुकानात तर चित्र एकदम झकास दिसत होतं!

अशा वेळी कुणीतरी सांगतं, "कॅलिब्रेशन करून घ्या, चित्र थिएटरसारखं होईल." मग प्रश्न येतो खिशाचा. हे कॅलिब्रेशन म्हणजे नेमकं काय आणि त्यासाठी पैसे मोजणं परवडतं का?

कॅलिब्रेशन म्हणजे काय?

दुकानातला वजनकाटा बरोबर आहे का, हे प्रमाणित वजन ठेवून तपासतात. टीव्हीचं कॅलिब्रेशन म्हणजे तसंच. चित्रपट आणि कार्यक्रम तयार करताना रंग ठरलेल्या मापाने बसवलेले असतात. पांढरा रंग किती पांढरा, याचंही माप ठरलेलं आहे. तंत्रज्ञांच्या भाषेत ते साधारण 6500 केल्विन. आपला टीव्ही या मापापासून किती सरकला आहे ते मोजायचं आणि त्याला जागेवर आणायचं, हे कॅलिब्रेशन.

हे काम डोळ्यांनी होत नाही. तंत्रज्ञ पडद्यासमोर रंग मोजणारं मीटर लावतो, लॅपटॉप जोडतो, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या पट्ट्या आणि रंगांचे चौकोन एकेक करून पडद्यावर आणतो आणि आकडे बघत दुरुस्ती करतो. यात काही तास जातात.

इथेच एक गोष्ट लक्षात ठेवा. मीटर न लावता, नुसता रिमोट घेऊन दहा मिनिटांत केलेलं काम म्हणजे कॅलिब्रेशन नव्हे. ती साधी पिक्चर सेटिंग झाली. ती घरातलं कॉलेजला जाणारं पोरगंही करू शकतं.

खर्च किती आणि फरक किती?

हा धंदा मुळात अमेरिकेत वाढला. तिथे एका टीव्हीसाठी साधारण 300 ते 500 डॉलर घेतात. आपल्या रुपयांत तेवढ्या पैशांत 43 इंची नवा टीव्हीच येईल! आपल्याकडे असं काम करणारे प्रामुख्याने मोठ्या शहरांत, होम थिएटर बसवणाऱ्यांकडे सापडतात. गावात बोलवायचं तर येण्याजाण्याचा खर्च वेगळा.

फरक पडतो का? पडतो, पण त्यातला मोठा भाग योग्य पिक्चर मोड निवडला की तिथेच मिळून जातो. मीटर लावल्यावर उरलेली बारीक चूक निघते. ती बारीक चूक अंधाऱ्या खोलीत, महागड्या टीव्हीवर, मन लावून सिनेमा बघणाऱ्याला जाणवते. दार-खिडक्या उघड्या, वर ट्यूबलाइट, शेजारी जेवणाची ताटं, अशा बैठकीत ती कुणाच्या लक्षातही येणार नाही. शिवाय पडदा वापराने हळूहळू बदलत जातो, म्हणजे आज केलेलं काम कायमचं टिकतंच असं नाही.

मग दुकानात चित्र झकास का दिसतं?

दुकानात लख्ख दिवे असतात आणि शेजारी-शेजारी दहा टीव्ही सुरू असतात. त्यात आपला उठून दिसावा म्हणून उजेड आणि रंग मुद्दाम वाढवलेले असतात, पांढरा रंग निळसर केलेला असतो. घरात एवढ्या उजेडाची गरज नसते. नवा टीव्ही पहिल्यांदा सुरू करताना 'होम' की 'स्टोअर' असं विचारतात, तेव्हा 'होम'च निवडा. चुकून 'स्टोअर' किंवा 'डेमो' राहिलं असेल, तर सेटिंगमध्ये जाऊन बदला.

घरबसल्या करायची 6 कामं

1. पिक्चर मोड बदला. 'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक' काढा. त्याऐवजी 'सिनेमा', 'मुव्ही' किंवा 'फिल्ममेकर मोड' लावा. चित्र बनवणाऱ्याने ठरवलेल्या रंगांच्या सगळ्यात जवळ सहसा हेच मोड असतात.

2. बॅकलाइट खोलीप्रमाणे ठेवा. दिवसा जास्त, रात्री कमी. रात्री डोळ्यांना त्रास होतो तो बहुतेक वेळा या जास्तीच्या उजेडाने. बॅकलाइट कमी केला की टीव्ही वीजही कमी खातो. काही टीव्हींत बॅकलाइट हे नाव नसतं, तिथे 'ब्राइटनेस'च उजेड कमी-जास्त करतो आणि काळ्या रंगासाठी 'ब्लॅक लेव्हल' वेगळं असतं.

3. काळं आणि पांढरं तपासा. रात्रीचा सीन लावा. काळ्या केसांच्या बटा दिसत नसतील, नुसता काळा गोळा दिसत असेल, तर ब्राइटनेस (किंवा ब्लॅक लेव्हल) थोडा वाढवा. अंधार राखाडी दिसत असेल तर कमी करा. मग पांढरे कपडे बघा. कसोटी सामन्यातल्या खेळाडूच्या शर्टाच्या किंवा कीर्तनकारांच्या धोतराच्या घड्या दिसायला हव्यात. सगळं सपाट पांढरं दिसलं तर कॉन्ट्रास्ट उतरवा.

4. कलर टेम्परेचर 'वॉर्म' करा. पहिल्यांदा चित्र पिवळट वाटेल आणि घरातले म्हणतील, "बिघडवलास टीव्ही!" घाबरू नका. डोळ्यांना निळसर पांढऱ्याची सवय झालेली असते. तीन-चार दिवस तसंच राहू द्या, मग जुनं सेटिंग लावून बघा. तेच निळंशार वाटेल. तरीही आवडलं नाही तर मधलं सेटिंग ठेवा, टीव्ही तुमचा आहे.

5. शार्पनेस कमी करा. शार्पनेस वाढवून चित्रात नवीन बारकावे येत नाहीत, फक्त कडांना पांढरी रेघ येते. बातम्यांच्या पट्टीतल्या अक्षरांभोवती सावली दिसत असेल, तर ती जाईपर्यंत शार्पनेस उतरवा.

6. मोशन स्मूदिंग बंद करून बघा. सिनेमात सेकंदाला 24 चित्रं असतात. टीव्ही मधे स्वतःची चित्रं घुसवतो आणि मोठा सिनेमाही मालिकेसारखा गुळगुळीत दिसायला लागतो. डिसेंबर 2018 मध्ये अभिनेता टॉम क्रूझने दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वॉरीसोबत व्हिडिओ काढून लोकांना हे बंद करायची विनंती केली होती. क्रिकेटला मात्र ते चालू ठेवलं तरी बिघडत नाही. प्रत्येक कंपनीत याचं नाव वेगळं असतं, पण बहुतेक वेळा त्यात 'मोशन' हा शब्द असतो.

शेवटी रंगाची परीक्षा ओळखीच्या गोष्टींवर घ्या. चेहरा माणसाच्या चेहऱ्यासारखा आणि गवत गवतासारखं दिसलं, की झालं. बऱ्याच टीव्हींत सेट-टॉप बॉक्स, पेन ड्राइव्ह आणि यूट्यूबसाठी सेटिंग वेगवेगळी साठवली जाते. एका ठिकाणी बदलून दुसरीकडे फरक दिसला नाही तर तिथेही हेच करा.

खरा दोष कधी कधी टीव्हीत नसतोच

डीडी फ्री डिशवरची बरीच चॅनेल जुन्या, कमी स्पष्टतेच्या प्रतीची आहेत. 43 इंची पडद्यावर ती ताणली की धूसर दिसणारच. त्यावर कितीही महाग कॅलिब्रेशन केलं तरी आडातच नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? बॉक्स पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरने जोडला असेल आणि त्याला एचडीएमआयची जागा असेल, तर एचडीएमआय केबल लावा. माणसं आडवी, जाडजूड दिसत असतील तर स्क्रीन साइज 4:3 करून बघा. चित्र अडकत असेल, चौकोन फुटत असतील तर छत्रीची दिशा आणि वायरचे जोड तपासा. त्याचा रंगांशी संबंध नाही.

हे मात्र टाळा

– रिमोटचे गुप्त कोड दाबून सर्व्हिस मेनू उघडू नका. चुकीचा आकडा बदलला तर टीव्ही बंद पडू शकतो आणि वॉरंटीवरून वाद होतो.
– यूट्यूबवरून दुसऱ्याच्या टीव्हीचे रंगांचे बारीक आकडे उतरवू नका. एकाच मॉडेलचे दोन पडदेही तंतोतंत सारखे नसतात.
– बदल करण्याआधी मूळ सेटिंगचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. काही चुकलं तर परत जाता येतं.

पैसे कुणी द्यावेत?

लाखाच्या पुढचा टीव्ही किंवा चांगला प्रोजेक्टर घेतला असेल, सिनेमासाठी अंधारी खोली असेल आणि रंगांची खरंच आवड असेल, तर कॅलिब्रेशनचा खर्च पटण्यासारखा आहे. तेव्हाही आधी तीन प्रश्न विचारा: मीटर कोणतं आणणार? आधीचे आणि नंतरचे मोजलेले आकडे कागदावर देणार का? कोणकोणत्या मोडची सेटिंग करणार? उत्तरं देताना समोरचा गडबडला, तर नमस्कार करून मोकळे व्हा.

बाकीच्यांनी टीव्ही बसवायला कंपनीचा माणूस येईल तेव्हाच त्याला 'सिनेमा' मोड आणि 'होम' सेटिंग लावून द्यायला सांगावं, उरलेलं वरच्या यादीप्रमाणे स्वतः करावं. अर्ध्या तासाचं काम आहे. वाचलेल्या पैशांत आईआजींना मालिकेतलं बोलणं नीट ऐकू येईल असा बरा स्पीकर घेता येईल. पातळ टीव्हीचा आवाज बऱ्याचदा चित्रापेक्षा जास्त कमी पडतो.