‘रेज’ : उठविणाऱ्या एका शब्दाची कुळकथा

उचलणे, वर करणे या अर्थाच्या इंग्रजी क्रियापदांपैकी ‘रेज’ हे विद्यार्थ्यांना लवकर भेटते आणि बराच काळ चकविते. कारण त्याच्या शेजारीच ‘राइज’ उभे असते. मराठी भाषकाला मात्र हा भेद अवघड वाटू नये. ‘उठणे’ आणि ‘उठविणे’ यांत जे नाते, तेच या दोहोंत आहे. सूर्य आपण होऊन वर येतो, तेथे ‘राइज’. विद्यार्थी हात वर करतो, तेथे ‘रेज’. पहिले अकर्मक, दुसरे सकर्मक.

‘रेज’ हा शब्द मूळचा इंग्लंडचा नव्हे. नवव्या शतकात डेन्मार्क व नॉर्वेकडील लोक इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागांत स्थायिक झाले. त्यांच्या नॉर्स भाषेतील ‘रेइसा’ हे क्रियापद इ. स. १२०० च्या सुमारास इंग्रजी लेखनात दिसू लागते. याच धातूपासून घडलेला ‘रिअर’ हा त्याचा सख्खा भाऊ इंग्रजीत आधीपासूनच नांदत होता. एकाच घराण्याचे दोन शब्द असे दोन वाटांनी एकत्र आले.

पुढे ‘रेज’चा संसार विस्तारला. भिंत उभारणे, निधी जमविणे, प्रश्न उपस्थित करणे, अन्यायाविरुद्ध आवाज उठविणे, पीक घेणे, लेकरू वाढविणे, या साऱ्यांना हा एकच शब्द पुरतो. जुने वैयाकरण बजावीत, की पीक ‘रेज’ करावे, मूल ‘रिअर’ करावे. अमेरिकेने तो दंडक मानला नाही. पगारवाढीलाही अमेरिकेत ‘रेज’ म्हणतात, तर ब्रिटनमध्ये ‘राइज’.

एक सावधगिरी मात्र हवी. अगदी याच उच्चाराचा आणखी एक शब्द इंग्रजीत आहे. त्याचे लेखन वेगळे, आणि अर्थ नेमका उलटा, जमीनदोस्त करणे. तो खरवडणे या अर्थाच्या लॅटिन धातूपासून फ्रेंचमार्गे आला. दाढीचा ‘रेझर’ त्याच कुळातला. कानाला एकच वाटणारे हे दोन शब्द, एक उभारणारा, दुसरा पाडणारा. श्रुतलेखनात अक्षरांची चूक झाली, तर बांधलेली शाळा पाडलेली ठरते.

वसतिगृहात वाढलेल्यांना या शब्दाचा अर्थ शब्दकोशाबाहेरही ठाऊक आहे. पहाटे हाक मारून कोणीतरी आपल्याला उठविले, म्हणून आपण उठलो. ‘रेज’ करणे हे शाळेचे काम होते. ‘राइज’ हे क्रियापद मात्र ज्याचे त्यालाच चालवावे लागते.